रिकाम्या काट्यावरचं वजन

शहरात भूकंपतज्ज्ञ कोणी नव्हता, म्हणून ती जागा वजनकाट्यावरच्या कारकुनाकडे आली. त्यांना सगळे काटेवाले म्हणत. रस्त्यालगत जमिनीत बसवलेला ट्रक तोलायचा लोखंडी काटा, शेजारी पत्र्याची केबिन आणि केबिनीत ते. ट्रक चढला की पडद्यावरचा आकडा वाचायचा, पावती फाडायची. आयुष्यभर हेच केल्यामुळे माणसांवर नसेल इतका त्यांचा आकड्यांवर विश्वास होता.

मोठ्या भूकंपात अर्धा बाजार खाली आला. काटा शाबूत राहिला, आणि ढिगारे वाहणारे ट्रक सुरू झाल्यावर काटेवाल्यांची नोकरीही. त्यानंतर जमीन हादरली की रिकाम्या काट्यावर आकडा नाचू लागे. समोरच्या मैदानात ताडपत्र्या ताणून राहिलेले लोक पांढऱ्याफटक चेहऱ्यांनी केबिनीच्या खिडकीशी गोळा होत आणि किती होता ते विचारत. आकडा दर खेपेला थोडा लहान निघे. लोकांना तेवढ्यावर दोन घास जात.

त्यातल्याच एका ताडपत्रीखाली काटेवाल्यांची बायको होती आणि माहेरी आलेली मुलगी, तान्ह्या बाळासकट. बाळाला खोकला लागला होता. खोकता खोकता ते निळं पडे, मग एकदाचं रडे, आणि ते रडलं की तिघांचा जीव भांड्यात पडे. घर जवळच होतं, वरच्या मजल्यावर, आणि उभं होतं. जिन्यालगतच्या भिंतीला मात्र हात जाईल एवढा तडा होता.

मोबाइलवरचे आकडेही काट्याच्याच बाजूचे होते. पहिला धक्का सहा पूर्णांक नऊ, मग पाचाच्या आसपासचे, मग साडेचार. रेडिओवरच्या बाई म्हणाल्या की एक आकडा खाली म्हणजे ताकद बत्तिसाव्या हिश्श्यावर. त्या पुढेही बोलत होत्या, धक्का किती खोल, किती जवळ, घर आधीच किती खिळखिळं, असं काहीतरी. पण तेवढ्यात ट्रक आला. काटेवाल्यांनी हिशेब मांडला: ज्या घराने भरलेला ट्रक पेलला, त्याला हातगाडी काय जड?

मुलगी घरी परतायला भीत होती.

"बाबा, नक्की ना?"

"आकडा खोटं बोलत नाही, बाळा."

बायको म्हणाली, यम दारात आला तरी हे त्याला आधी काट्यावर उभं करतील. पण बाळ पुन्हा निळं पडलं, आणि तिनेच अंथरूण गुंडाळलं. दुपारी मायलेकी बाळाला घेऊन घरी गेल्या, काटेवाले काट्यावर राहिले.

आधीचे धक्के झुलवायचे. हा आला तो खालून लाथ मारल्यासारखा. काटा सावकाश वाचणारा. त्याने विचार करून गोणीभर वजन दाखवलं. काटेवाल्यांना हायसं वाटलं. मग गल्लीच्या तोंडातून धुळीचा लोट बाहेर आला.

ते धावले. जिना नव्हता, तड्याची भिंत त्याच्यावर बसली होती. त्यांनी मुलीला हाक मारली. वरती, धुळीत, कोणीतरी खोकलं. मग रडलं.

शिडी लावून तिघांना खाली घेतलं. पलंगावर विटा पडल्या होत्या. झोपत नाही म्हणून बाळाला घेऊन मुलगी खिडकीशी उभी होती, आजी शेजारी. मोबाइलवर आकडा आला, चार पूर्णांक सात. लहानच. फक्त तो शहराच्या अगदी खाली, उथळ होता, आणि घराचं बळ पहिल्याच दिवशी संपलं होतं.

पुन्हा ताडपत्री, पुन्हा खोकला. मुलगी बापाशी बोलत नव्हती. संध्याकाळच्या आत ती केबिनीकडे बघून म्हणाली, "हे पत्र्याचं आहे ना? वर काही पडण्यासारखं नाही."

दारावर पाटी होती, कामाशिवाय आत येऊ नये. काटेवाल्यांनी ती आजवर पाळली होती, घरच्यांनाही पाळायला लावली होती. नातू उघड्यावर खोकत असताना ते स्वतः आत बसत, कारण त्यांना काम होतं. त्यांनी स्टूल बाहेर काढलं आणि बाळाला आत निजवलं.

थोड्याच वेळात पत्रे खडखडले. लोक धावत आले, विचारू लागले. काटेवाले दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभे होते, पडद्याकडे पाठ करून.

"बाबा, थांबलं," मुलगी आतून म्हणाली. "सोडा ती चौकट."

"सोडतो," ते म्हणाले, आणि सोडली नाही.