धानातली पिवळी रेघ

सावली गावाजवळच्या माझ्या बांधीत धानाचा एक पट्टा दरवर्षी अकाली पिवळा पडायचा. शेजारची बांधी धाकट्या भावाची. हाच पाणी तोडतो म्हणून एका वर्षी माझं डोकं फिरलं आणि दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरच त्याला फावड्याच्या दांड्यानं झोडपलं. त्याच्या उजव्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज आला, तरी मी थांबलो नाही.

यंदा जुन्या वस्त्या शोधणाऱ्यांनी ड्रोननं फोटो काढले. मी ते मोबाईलवर भावाला दाखवले. पिवळी रेघ माझ्या बांधीतून धुरा ओलांडून सरळ त्याच्या बांधीत गेली होती. खाली पुरातन भिंत होती, वर माती उथळ, म्हणून तेवढाच पट्टा वाळायचा.

"तुयं बी धान वाळत होतं, मंग सांगतलं काऊन नाई?" मी भावावर ओरडलो.

डाव्या हातानं मोबाईल परत करत तो म्हणाला, "सांगूनच राह्यलो होतो, भाऊ. तू मारून राह्यला होता."