साधुबुवांचा कोरा एडिटर

ऑफिसात त्याला सगळे साधुबुवा म्हणत, आणि ते त्याला आवडायचं, इथूनच रडकथा सुरू होते. कोड लिहायला ह्याला म्हणे फक्त हलका एडिटर लागतो. कोरं पान, लुकलुकणारा कर्सर, बस्स. लिहिणं, चालवून बघणं, चुका दाखवणं असं सगळं पोटात घेऊन बसलेला जाडजूड आयडीई जे वापरत, त्यांच्याकडे बघून तो नाक मुरडायचा. "पांगुळगाडा आहे तो," म्हणायचा. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंचा आयडीई सकाळी उघडायला लागला की ह्याचं ठरलेलं, "ताई, तोवर चहा पिऊन येतो. तुम्हाला आणू का?"

बरं, वैराग्य तरी खरं असावं. पण ह्या कोऱ्या पानाला बुवांनी गुपचूप इतक्या सोयी जोडल्या होत्या की विचारू नका. एका कळीत कोडमधली नावं बदलायची सोय वेगळी, चुकीखाली लाल रेघ ओढायची वेगळी. वरून कीर्तन, आतून तमाशा.

टीमचं मुख्यपद रिकामं होतं आणि त्यावर ह्याचा डोळा होता. साहेब म्हणाले, "गिऱ्हाईकाकडे ट्रकच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम बिघडलाय. तो दुरुस्त करून या, मग बघू."

"लॅपटॉप कशाला? तिथे एडिटर असेलच," म्हणत स्वारी हात हलवत गेली.

तिथला एडिटर खरोखरच कोरा निघाला. कोडमधलं एक नाव बदलायचं होतं. बुवांनी सवयीची कळ दाबली, काहीच झालं नाही. मग पठ्ठ्यानं 'सगळीकडे बदला' असा हुकूम सोडला. मशीननं तो इमानेइतबारे पाळला. दुसऱ्या नावांच्या पोटात ती अक्षरं होती, तिथेही बदल केला. लाल रेघ ओढायला कुणी नव्हतं. ह्यानं फाइल तशीच सेव्ह करून बंद केली, प्रोग्रॅम चालू केला आणि काटा मुकाच झाला. आता मागे फिरायची वाटही उरली नव्हती. बाहेर ट्रक खोळंबले, हॉर्न वाजायला लागले.

शेवटी झक मारत ताईंना फोन केला. त्या लॅपटॉप घेऊन आल्या आणि त्यांनी आयडीई सुरू केला. तो नेहमीसारखा रेंगाळत उघडायला लागला. काट्यावरचा मॅनेजर कातावला, "एवढा वेळ लागतो का ह्याला?"

ताईंनी मान वर करून बुवांकडे बघितलं. बुवांचं तोंड एवढंसं झालं होतं.

"लागतो," तो म्हणाला. "थांबा जरा."