भोंग्याची शर्यत

वाल्मिकने कुत्रा पाळला असं म्हणणं चुकीचं होईल. कारखान्यामागच्या गटारातून त्याने पिल्लू उचलून आणलं आणि त्या दिवसापासून घरातली दोन्ही माणसं कुत्र्याच्या मर्जीने चालू लागली.

सामरवरणी या कारखान्यांच्या गावात जयवंतशेठच्या चाळीत शेवटच्या खोलीत वाल्मिक आणि त्याची बायको केसरबाई राहत. दोघंही अमळनेरकडचे. कुत्र्याचा आवाज असा, की कारखान्याच्या भोंग्याने लाजावं. म्हणून त्याचं नाव भोंगा पडलं. सायकल दिसली की भोंगा पेटायचा. छत्री दिसली, टोपी दिसली, डोक्यावर घमेलं घेतलेली बाई दिसली, तरी तेच. रिकाम्या रस्त्यावर मात्र साधूसारखा चालायचा.

"चावरा आहे," चाळीतले म्हणत.

"चावरा नाही, बुजरा आहे," वाल्मिक म्हणे. "चावरा पुढे येतो. बुजरा मागे सरायला जागा मिळाली नाही की पुढे येतो."

हे ज्ञान बैलाचं होतं. गावाकडे त्याच्या बापाजवळ एक बुजरा बैल होता. बुजऱ्या जनावराला वस्तूवर सरळ नेत नाहीत. लांबून वळसा घालून नेतात, तोंडाने बोलत राहतात आणि कान टवकारायच्या आत वळवतात. बुजल्यावर दोरी ओढणं हे आळशाचं काम. कारखान्यातही वाल्मिकचं काम तसंच होतं. सुताने भरलेली बॉबिन उतरवायची, रिकामी चढवायची. धागा तुटल्यावर धावणारे पुष्कळ. तुटायच्या आत ज्याचा हात पोचतो, तो कामाचा.

पण एका दुपारी वाल्मिकचा हात पोचला नाही. जयवंतशेठ डोक्यावर छत्री आणि काखेत आपली पांढरी पॉमेरेनियन कुत्री रोझी घेऊन चाळीत शिरले, नळाच्या कोपऱ्यावरून एकदम पुढ्यात आले, आणि भोंग्याने छत्रीच्या कापडाचा एक तुकडा उतरवून घेतला.

"अरे वाल्मिक! हा कुत्रा आहे की कातर?"

"शेठ, तुम्ही सरळ आलात."

"माझ्या चाळीत मी वाकडा येऊ?"

प्रकरण हातघाईवर आलं. शेवटी शेठने अट घातली. तीन महिन्यांनी, जानेवारीत, कारखान्याचे खेळ होते, बक्षिसं शेठच्या हस्ते होती. टाइम ऑफिसातले भास्करराव मुंबईचे. तिकडे त्यांनी कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत पाहिली होती. यंदा रस्सीखेचीनंतर तीही ठेवू म्हणून त्यांनी फळ्यावर खडूने लिहिलं होतं.

"तिथे आण याला," शेठ म्हणाले. "चार माणसांत उभा राहिला, कुणाच्या अंगावर गेला नाही, तर ठेव. गेला, तर त्याच दिवशी राखोलीच्या पुलापलीकडे सोडून यायचं."

वाल्मिक कामाला लागला. अडथळे म्हणजे पोरखेळ. आडव्या काठ्या, उंच फळी, मधून नागमोडी जायला रांगेत रोवलेले बांबू, आणि दोन्ही तोंडं कापलेलं तेलाचं पिंप. भोंगा काठीवरून बकरीसारखा उडायचा, पिंपात शिरायला तर त्याला फारच आवडायचं. ते आठवड्यात जमलं. खरे कष्ट उभं राहण्याचे होते. कारखान्याची पाळी सुटताना वाल्मिक त्याला घेऊन रस्त्यापासून लांब, बाभळीखाली उभा राही. सायकल दिसली आणि भोंगा गप्प राहिला की भाकरीचा तुकडा. दुसरी सायकल, दुसरा तुकडा. दोन दिवस नीट गेले की बाभळीपासून थोडं पुढे.

"लोक गाय चारायला नेतात," केसरबाई म्हणाली. "तुम्ही कुत्र्याले सायकली दाखवायला नेता. आणि भाकरी माझी."

"तूच थापतेस म्हणून खातो तो."

"मग कौतुक माझं करा, त्याचं नको."

एकदा वाल्मिकने घाई केली, थेट रस्त्याच्या कडेला गेला. भोंगा एका सायकलवाल्याच्या डब्यावर झेपावला. पुन्हा बाभळीखाली. वाल्मिकने कुरकुर केली नाही. चूक त्याची होती, मेहनतही त्यालाच करायची होती.

खेळांच्या दिवशी तो आंघोळ करून आला तर भोंगा ओळखू येईना. केसरबाईने जुन्या लुगड्याची झूल शिवून पाठीवर घातली होती, कपाळावर गेरूचे ठिपके दिले होते, गळ्यात घुंगुरमाळ बांधली होती.

"हे काय?"

"पोळ्याला बैल सजवतात ना? मग शर्यतीचं जनावर उघडंबोडकं न्यायचं?"

वाल्मिकने पाहिलं. ते त्याला शोभलंच. खानदेशी माणसाला सजवलेलं जनावर वाईट दिसत नाही. दोघंही कौतुकाने निघाले.

मैदानाच्या फाटकाशी भोंग्याने मान झटकली. घुंगरं वाजली. कुणीतरी मागे लागलंय असं त्याला वाटलं. तो वळला, तेही वळलं. तो पळाला, तेही पळालं. स्वतःच्याच गळ्याचा पाठलाग करत तो गोल गोल फिरू लागला. रस्सीखेचीवाले दोर सोडून बघत राहिले. वाल्मिकने माळ तोडली, झूल ओढून काढली, त्याला पाण्याच्या टँकरमागे नेऊन बसवलं. कुत्र्याचं अंग थरथरत होतं. तीन महिन्यांचे कष्ट त्या माळेत गेले होते.

"माझंच चुकलं," केसरबाई म्हणाली.

"दोघांचं. आता बोलू नको. त्याचा श्वास खाली येऊ दे."

भास्कररावांनी शिट्टी वाजवायच्या आधी विचारलं, "वाल्मिक, तुझा नंबर शेवटी ठेवू?"

"ठेवा साहेब. आणि शिट्टी जरा लांबून वाजवा."

बाकीची कुत्री धावून झाल्यावर शेवटी भोंगा उतरला. दोरी हातात ठेवायची मुभा होती. पहिली काठी गेली, दुसरी गेली, फळी गेली. कडेला माणसांची भिंत होती. वाल्मिक तिच्यापासून लांब, वळशावळशाने चालला होता. बांबूंच्या रांगेशी पोचला तोच पुढे खुर्चीवर बसलेल्या शेठच्या मांडीवरून रोझी निसटली आणि भुंकत सरळ भोंग्याच्या तोंडावर आली.

भोंग्याच्या पाठीचे केस उभे राहिले. दोरी ताणली गेली. वाल्मिकने ओढली नाही.

"चल बाबा," तो एवढंच म्हणाला, आणि स्वतः बाजूला वळला.

भोंग्याने रोझीकडे पाहिलं, वाल्मिककडे पाहिलं. मग बांबू सोडून तो सरळ पिंपात शिरला आणि तिथे, रोझीकडे पाठ करून, त्याने मनात साठलेलं सगळं भुंकून घेतलं. पिंप असं दणाणलं की शेवटच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. रोझी जागीच वळली आणि शेठच्या कोटात घुसली.

"भुंकला!" शेठ ओरडले.

सगळ्या माना वाल्मिककडे वळल्या.

"भुंकला," वाल्मिक म्हणाला. "पण पाठ फिरवून भुंकला, शेठ. अंगावर गेला नाही."

कुणीतरी खुदकन हसलं. शेठ कोटातल्या थरथरत्या गोळ्याकडे पाहत राहिले. सुटली होती ती त्यांची होती आणि चारशे डोळ्यांनी ते पाहिलं होतं.

"ठेव," ते शेवटी म्हणाले. "ठेव त्याला."

बांबू चुकल्यामुळे भोंगा शर्यतीत शेवटचा आला. भास्कररावांनी बक्षिसांसाठी शेठना टेबलाकडे बोलावलं. टेबल पिंपाच्या पलीकडे होतं. शेठ दोन पावलं सरळ चालले आणि थांबले. पिंपातून अजून गुरगुर येत होती.

"वाल्मिक," ते हळू आवाजात म्हणाले, "कुठल्या बाजूने येऊ?"

वाल्मिकने हाताने लांबचा वळसा दाखवला. रोझीला छातीशी धरून शेठ मैदानाच्या कडेकडेने निघाले, आणि मागून केसरबाई ओरडली, "सावकाश शेठ, तिकडे दोर पडलाय!"