धोकादायक इमारतीतली सुनावणी

पोळ्याचा आदला दिवस : कार्यालयाच्या ओसरीवरील खांबाला फलक ठोकला. जबाबदार, बांधकाम खात्याचे उपअभियंता.
दसऱ्यानंतरचा पहिला सोमवार : माझी पत्नी हजर असताना तिला गैरहजर दाखविले. जबाबदार, सुनावणी घेणारे नायब तहसीलदार.
धानकापणीचे दिवस : तोच फलक उपटून दुसरीकडे लावला. जबाबदार, शिपाई, आणि त्यास तसे सांगणारे, जे सांगितल्याचे आज नाकारतात.
मार्चअखेर : कुलूपबंद इमारतीचा ताबा दिला व घेतला. जबाबदार, देणारे आणि घेणारे दोघेही.
अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आठवडा : अंतिम सुनावणी, आणि पंधरवड्यात तिचा निकाल. जबाबदार कोण, हाच प्रश्न आहे.

नेमक्या तारखा माझ्या फायलीत आहेत. येथे मुद्दाम देत नाही. मागे एका अर्जात दिल्या होत्या, तेव्हा मुद्द्याला उत्तर न देता मला कळविण्यात आले की त्यांपैकी एक तारीख रविवारची होती.

मी दिवाणी न्यायालयात बेलिफ होतो. उभ्या नोकरीत मी लोकांच्या दारांवर नोटिसा चिकटवल्या आणि त्या न वाचणाऱ्यांचे काय होते ते पाहिले. त्यामुळे सरकारने भिंतीवर लिहिलेले वाक्य मला सजावट वाटत नाही. सेवानिवृत्त होऊन मी भंडारा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी आलो, तोवर जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला होता. कचेऱ्यांची वाटणी झाली, कपाटांची झाली, पंख्यांचीही झाली. एक जुनी इमारत मात्र आमच्या वाट्याला अशी आली, की ती आपली आहे हे कोणीच कबूल करीना.

प्रकरण माझ्या पत्नीचे. तिच्या वडिलांचे अड्याळच्या बाजूला धानाचे वावर व एक बोडी, म्हणजे लहान तळे. ते वारल्यावर फेरफारात वारस म्हणून एकट्या मुलाचे नाव चढले. मुलगी हीही वारस असते, हे तलाठ्याला माहीत नव्हते असे मी म्हणणार नाही. पत्नीने हरकत घेतली आणि सुनावणी त्या जुन्या इमारतीत लागली. हजर न राहिल्यास एकतर्फी निर्णय होईल, असे नोटिशीत स्पष्ट लिहिले होते.

आम्ही गेलो. ओसरीच्या खांबावर फलक होता : ‘ही इमारत धोकादायक आहे. आत प्रवेश करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’

मी पत्नीला थांबविले. एक खाते म्हणते, आत या, नाहीतर हक्क जाईल. दुसरे म्हणते, आत आलात तर कारवाई होईल. दोन्ही हुकूम राज्यपालांच्याच नावाने निघतात. आम्ही अंगणातील कडुलिंबाखाली उभे राहिलो. शिपायाने दारातून पुकारा केला. मी झाडाखालून म्हणालो, “हजर.”

शिपाई जवळ आला. “काकाजी, आत या ना जी.”

“फलक वाचला का?”

“तो कायले वाचता? तो तं बांधकामवाल्याईनं लावला. आमचा नाही.”

“मग तुम्ही आत कसे?”

“आमी कुठी जाऊन राहिलो? आमी आतच राहतो.”

त्याने आत जाऊन सांगितले. साहेबांनी लिहिले : अर्जदार गैरहजर. एकतर्फी निर्णय न होता पुढची तारीख मिळाली, एवढेच.

दरम्यान माझा मेहुणा, म्हणजे ज्याच्याविरुद्ध हरकत होती तो, आत हजेरी लावून झाडाखाली आला. बहिणीसाठी त्याने बोडीतली मासोळी आणली होती. “बाई, घरी जाऊन लगेच कर. उन्हात राहिली आहे,” तो म्हणाला. तिने डबा उघडून वास घेतला व विचारले, “तुयी बायको बरी आहे का?” वादी-प्रतिवादींनी असे वागू नये, हे मी दोघांनाही सांगितले. मासोळी चांगली झाली होती.

मी बांधकाम खात्याला पत्र लिहिले : सदर इमारतीत प्रवेश करणे कायदेशीर आहे किंवा कसे? उत्तर आले : ‘सदर इमारत रिक्त करण्यात आली असल्याने प्रवेशाचा प्रश्न उद्भवत नाही.’ हे उत्तर मी शिपायाकरवी आत पाठविले. नायब तहसीलदार स्वतः दारापर्यंत आले. तरुण, सभ्य गृहस्थ. म्हणाले, “आम्ही रिक्त असतो, तर तुमच्याशी बोलतंय कोण?”

मी म्हणालो, “हे मला लेखी द्या.” ते परत आत गेले.

वाचकांस वाटेल, इमारत म्हणजे एक वस्तू. सरकारात तसे नसते. भिंती व छप्पर बांधकाम खात्याचे. त्या भिंतींतील तारा त्याच खात्याच्या विद्युत शाखेच्या, आणि ती शाखा भिंतींशी बोलत नाही. आत बसणारी माणसे महसूल खात्याची. ती वापर करणार, दुरुस्ती नव्हे. इमारत कागदावर रिक्त झाल्यामुळे विद्युत शाखेने पंखे काढून नेले. पंख्यांचे आकडे स्थापत्यवाल्यांचे, म्हणून ते लटकत ठेवले. आतील ज्येष्ठ लिपिकाने आपले टेबल दाराच्या चौकटीत आणून ठेवले होते, कारण छत कोसळले तरी चौकट शाबूत राहते असे त्याने ऐकले होते. इतरांना टेबलाला वळसा घालून, पोट आत ओढून जावे लागे. कनिष्ठांनी चौकटीवर हक्क सांगून पाहिला. ज्येष्ठता यादीपुढे तो टिकला नाही.

नवी इमारत नव्हती असे नाही. जुनीच्या पाठीमागे ती रंगरंगोटीसह उभी होती, दारांना कुलपे, उतारावर कोणाच्या तरी शेळ्या. तिच्या फाटकाकडे जाणारा रस्ता नकाशात जुन्या इमारतीच्या पोटातून जात होता. जुनी पाडल्याशिवाय रस्ता नाही. रस्त्याशिवाय काम पूर्ण नाही. काम पूर्ण नाही म्हणून महसूल खाते ताबा घेईना. ताबा नाही म्हणून जुनी सोडता येईना. आणि माणसे आत असताना ती पाडता येईना. उपअभियंत्यांनी हे मला इतक्या आनंदाने समजावून सांगितले, की क्षणभर मला ती योजनाच वाटली.

मी सगळीकडे लिहिले : नवी इमारत तयार आहे, कुलूपबंद आहे, तिच्यात आजतागायत एकही माणूस बसलेला नाही. प्रती भंडाऱ्यास, नागपूरला, मंत्रालयास, आणि पुढे दर महिन्याला तेच स्मरणपत्र.

दुसरी सुनावणी धानकापणीत लागली. नायब तहसीलदारांनी तडजोड सुचविली : ते आपली खुर्ची ओसरीवर आणतील. मी नाकारले, कारण फलक ओसरीच्या बाहेरील खांबाला होता. म्हणजे ओसरीही धोकादायकच. शिपायाने क्षणभर विचार केला, पकडीने खिळे काढले आणि फलक आतल्या दारावर नेऊन ठोकला.

“घ्या जी. आता ओसरी सुरक्षित झाली.”

मी विचारले, हा अधिकार तुला कोणी दिला? त्याने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी कडुलिंबाकडे पाहिले. एवढ्यात उपअभियंत्यांची जीप काही वेगळ्याच कामासाठी येऊन थांबली. आपला फलक हललेला पाहून ते संतापले. तो मूळ खांबावर परत ठोकेपर्यंत त्यांनी कोणाला बोलू दिले नाही. ठोकण्याच्या हादऱ्याने ओसरीच्या छताचा चांगला परातीएवढा गिलावा खुर्चीवर पडला. सुदैवाने ती रिकामी होती. उपअभियंता म्हणाले, “बघा. उगाच लावला नव्हता.”

सुनावणी तहकूब झाली.

तिसरी लागली अखाजीच्या आठवड्यात. नोटिशीत ‘अंतिम संधी’ असे शब्द होते. मी आदल्या दिवशीच सविस्तर हरकत तयार केली होती. आम्ही झाडाखाली पोहोचलो. शिपायाने पुकारले. मी तोंड उघडले, तोच पत्नीने पदर खोचला.

“मी आत जाऊन राहिली.”

“फलक...”

“अवो, माया बापाचं वावर आहे. छत पडलं तं मायावर पडन. तुमी बाहेर बसून लिहा.”

ती दारातील लिपिकाला म्हणाली, “सरक बाबू,” आणि ज्येष्ठता यादीतल्या कोणासाठी जे केले नव्हते ते त्याने केले, टेबल सरकवले. मी खिडकीच्या गजांबाहेर उभा राहिलो. गज इमारतीचे, मी त्यांना हात लावला नाही.

साहेबांनी विचारले, “बाई, भावासाठी हक्कसोड करण्याची तुमची तयारी आहे का? पुष्कळ बहिणी करतात.”

“भावाची माया सोडली नाही. वावर काहून सोडू?”

मेहुण्याला हसू आले. त्याच्या वकिलाने त्याच्या पायावर पाय दिला. तिने बांधाच्या चारही बाजूंचे शेजारी सांगितले, रोवणीला कोण बाया येत ते सांगितले, बाप आजारी असता कोणी काय केले ते सांगितले, आणि त्यात भावाने केलेलेही वगळले नाही. पंधरवड्यात निकाल आला. तिचे नाव चढविण्याचा आदेश झाला. तिने तो कागद उलटा-सुलटा पाहिला, डोळ्यांना पदर लावला आणि चहा ठेवायला गेली.

मी कागद वाचला. मी शीर्षापासून वाचतो. शीर्षावर छापले होते : ‘ठिकाण : नवीन प्रशासकीय इमारत.’

झाले होते असे. मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून बांधकाम खात्याने ताबा दिल्याचे व महसूल खात्याने घेतल्याचे लिहिले. किल्ल्या मात्र उपअभियंत्यांच्याच मेजात राहिल्या. कार्यालय कागदावर नव्या इमारतीत गेले. माणसे, टेबले आणि माझी पत्नी जुनीतच बसली.

महिन्याच्या आत मेहुण्याच्या वकिलाने अपील केले. मुद्दा एकच : आदेशातील ठिकाणी त्या दिवशी सुनावणी होणे अशक्य होते, कारण ती इमारत कुलूपबंद होती, सबब सुनावणी झालीच नाही, सबब आदेश रद्द करावा. पुरावा म्हणून एक पत्र जोडले होते. ते माझे होते. ‘तिच्यात आजतागायत एकही माणूस बसलेला नाही’ या वाक्याखाली वकिलाने लाल रेघ ओढली होती.

मेहुणा घरी येऊन खाली मान घालून बसला. “भाऊजी, मी तं नाही म्हटलं होतं. पण वकील म्हणे हा मुद्दा लय मजबूत आहे. तुमचाच तं आहे ना.”

पत्नीने त्याला पाणी दिले आणि मला विचारले, “आता कोणाले लिहिता?”

महसूल खात्याला लिहिले. उत्तर आले की इमारतीविषयी बांधकाम खात्यास विचारावे. बांधकाम खात्याने कळविले की सुनावणी हा महसूलचा विषय आहे. विद्युत शाखेला मी काहीच विचारले नव्हते. तिनेही कळविले की तिचा संबंध नाही. मी बाहेर उभा राहून डोळ्यांनी पाहिले, पण पतीची साक्ष हितसंबंधी ठरेल असे मला अपिलात सांगण्यात आले. शिपाई म्हणतो, साहेब सांगतील ते. साहेबांची बदली झाली आहे.

मी आता खासगी उत्तर स्वीकारणार नाही. टपालाने आलेले परत करीन. ज्यांनी जुनी इमारत रिक्त असल्याचे लिहिले आणि ज्यांनी नव्या इमारतीचा ताबा घेतल्यावर सही केली, त्या दोघांनी आठवडी बाजाराच्या दिवशी, लोक जमलेले असताना, पारावर उभे राहून उत्तर द्यावे : एक स्त्री आपल्या बापाच्या वावराविषयी सरकारपुढे बोलली. सरकार त्या वेळी कोणत्या छपराखाली होते?