ब्रह्मकमळाला पाणी

झाडांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. लढाईच्या दिवसांत लग्न होऊन साताऱ्याहून कडेगावला आले, तेव्हाही ऐकत नव्हते.

आई माझ्याकडे एकदाच आली. येताना तिच्या ब्रह्मकमळाचं एक पान फडक्यात गुंडाळून आणलं होतं. सासऱ्यांनी स्वतः पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तिने हात जोडले. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. "नातवाचं तोंड बघितलं की पोटभर पिईन," म्हणाली. दारातून माणूस तहानलेलं गेलं, हे सासऱ्यांना फार लागलं.

त्याच थंडीत आई गेली. भावाने साताऱ्याच्या कुंड्या काढून टाकल्या. आईचं म्हणून ते पान तेवढं उरलं.

ते सासऱ्यांनी मोठ्या मायेनं उसाच्या काळ्या मातीत, शेणखत घालून लावलं होतं. पाणीही उसासारखंच पाजायचे. पानाला फुटवा आला, झाड वाढलं आणि पावसाळ्यात बुडापासून कुजलं. माझा तोल गेला. "मामंजी, हा ऊस नव्हे! दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात मूठभर पाचोळ्यावर जगणारं झाड आहे हे. यापुढे तुम्ही याला थेंबभर पाणी घालायचं नाही!" सासूबाई भाकरी थापायच्या थांबल्या.

"जिमिनीबिगर झाड जगतंय व्हय?" एवढंच म्हणून ते मळ्यात निघून गेले.

मी कुजका भाग छाटला, शेंड्याचा टणक तुकडा सावलीत सुकू दिला. बांबूच्या फुटक्या बुट्टीत, टोपलीत, विटांचे खडे, कोळसा आणि पाचोळा भरून त्यात तो खोवला आणि बुट्टी आंब्याला टांगली. बोट घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. झाड जगणार याची मला खात्री होती. रडू मात्र यायचंच. सासरे बुट्टीकडे ढुंकूनही बघत नसत.

तिसऱ्या आषाढात कळी आली. तिनं मान वर उचलली तशी मी घरात सांगून टाकलं, आज फुलणार. दिवेलागणीला ती उमलू लागली. सासूबाईंनी निरांजन आणलं. सासरे वहाणा काढून आंब्याखाली उभे राहिले. मग आत जाऊन आईपुढे धरलेला तोच तांब्या भरून घेऊन आले.

"इहीणबाई," ते बुट्टीला म्हणाले, "नातू हुईल तवा हुईल. आता तरी पानी घ्या."

बुट्टी मी सकाळीच भिजवली होती. तांब्या रिकामा होईपर्यंत मी गप्प उभी राहिले.