घोडीचे भोवरे

पोलादपूरच्या मामाने वरातींसाठी काठेवाडी घोडी घेतली. कानांची टोकं एकमेकांना टेकणारी, अगदी अस्सल. पण आधीच्या मालकाकडे कागद म्हणून एकही नव्हता. मामाला तिची रीतसर नोंदणी हवी होती. महाडला बसून अर्ज, फोटो, शंभर फोन मी केले. मामाने फक्त घोडी धुऊन ठेवायची होती.

ठरल्या दिवशी मी पोलादपूरला पोचले, नोंदणीचे साहेबही आले. कान पाहून, उंची मोजून खूश झाले. "आता अंगावरच्या केसांचे भोवरे टिपून घेतो. बिनकागदाच्या घोडीची तीच ओळख," म्हणत ते तिच्या कपाळाकडे वळले. कपाळ गुळगुळीत. मान, छातीही तशीच.

मी मामाकडे पाहिलं.

"एक भोवरा अशुभ हाय गो," मामा पुटपुटला. "तो बघून साहेब नाय म्हणतील, म्हणून सगळेच भादरले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांनी मात्र शांतपणे फाईल मिटली. "केस आले की बोलवा."

मामाने स्वतःच्या टकलावरून हात फिरवत काळजीने विचारलं, "साहेब, केस परत येतात ना नक्की?"

साहेबांनी त्या टकलाकडे नीट पाहिलं.

"घोडीचे येतील."