मामंजींचा कॅमेरा आणि विहिरीतला चोर

चोर पकडायचा कॅमेरा आणायला सासऱ्यांनी मला सोबत नेलं, तेव्हा माझ्या वेणीत आदल्या दुपारची ओल अजून होती. चोर मीच होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला साळसूद समजायला नको.

नव्वदच्या दशकातली, माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. नवरा फौजेत, लांब सरहद्दीवर. सासर आटपाडीकडच्या एका खेड्यात. मी वाईची, कृष्णेच्या घाटावरून उड्या मारत वाढलेली, आणि इथं आंघोळीला एक बादली! जीव नुसता सुकायचा. गावापासून तासाभराच्या वाटेवर, माळावर, मामंजींची डाळिंबाची बाग होती आणि बागेत त्यांनी तरुणपणी स्वतः खणलेली विहीर. भर चैत्रात तिच्यात दोन पुरुष पाणी. बागेपलीकडच्या वस्तीवर माझी अंगणवाडी. दुपारी पोरं घरी गेली की मी कुंपणाच्या फटीतून आत. मामंजी त्या वेळी गावात घोरत असायचे. पिशवीत हजेरीपत्रकाखाली नवऱ्याचा जुना सदरा-पायजमा असायचा. तो चढवायचा, टॉवेल खालच्या पायरीवर भिरकावायचा आणि काठावरून धाडकन मुटका! वर आल्यावर दोन डाळिंबं खायची आणि घरी जाऊन 'आज पोरांनी फार दमवलं बाई' म्हणायचं.

मामंजींना पायऱ्यांवर ओली पावलं दिसली, डाळिंबाची सालं दिसली, आणि त्यांचं डोकं फिरलं. संशय थेट शेजारच्या माळावरच्या म्हाताऱ्या मेंढपाळावर. त्याची मेंढरं विहिरीजवळच्या हौदावर पाणी प्यायची, तीही मामंजींच्याच परवानगीनं. उन्हाळ्यात दोन कोसांत दुसरं पाणी नव्हतं.

"एकदा हाताला घावू दे," मामंजी म्हणाले, "त्याचं पानी बंद करतो का न्हाई बघ."

त्यांचा एक दोस्त वनखात्यातून रिटायर झालेला. त्यानं सांगितलं, जंगलात दोरा बांधून ठेवतात, जनावराचा पाय अडकला की त्याचा फोटो आपोआप निघतो. झालं! मामंजींनी तेच डोक्यात घेतलं. आणि घरात शिकलेली, शहरगावची कोण, तर मी. 'सूनबाईला कॅमेऱ्यातलं कळतंय' म्हणून आम्ही दोघं एसटीनं आटपाडीला.

तिथल्या फोटो स्टुडिओवाल्यानं दोन कॅमेरे पुढे ठेवले. एक नवा, रीळ आपोआप पुढे सरकवणारा, फ्लॅशवाला. त्यात चोराच्या नाकावरचा तीळसुद्धा दिसेल, म्हणाला. माझ्या नाकावर तीळ आहे. दुसरा जुना, लोखंडी, एक फोटो निघाला की हातानं चावी फिरवावी लागणारा.

"नवा नको," मी म्हणाले. "उन्हात प्लॅस्टिक वितळतं. शिवाय खर्रर्र आवाज होतो. चोर सावध होऊन कॅमेराच घेऊन जायचा."

स्टुडिओवाला आ वासून माझ्याकडे बघत राहिला. मामंजींनी जुना उचलला, कलिंगड पारखावं तसा दोन्ही हातांत तोलला आणि म्हणाले, "ह्यो जड हाय. ह्योच द्या."

मला इतकं हसू येत होतं की एसटीत मी तोंडात पदर कोंबून बसले.

घरी सासूबाईंनी कॅमेऱ्याची पूजा केली. नवी वस्तू, हळद-कुंकू लावल्याशिवाय वापरतात होय? कुंकवाचं बोट त्यांनी नेमकं काचेवर टेकवलं, आणि मामंजींनी ते श्रद्धेनं तसंच ठेवलं. मी एक अक्षर बोलले नाही. नवऱ्याच्या फौजी पेटीला भोक पाडून त्यात कॅमेरा बसवला, पेटीला कुलूप, आणि दोरा कुंपणाच्या फटीत. मी साडी सावरून तो दोरा खुशाल ओलांडत होते. पहिल्या आठवड्यात एक शेळी, एक कुत्रं आणि दोनदा खुद्द मामंजी फोटोत आले असणार.

एकदा मात्र मामंजींनी दोस्ताचा सल्ला घेऊन पेटी दोऱ्यासकट गुपचूप विहिरीच्या पायऱ्यांवर हलवली. मी आपली नेहमीप्रमाणे काठावरून उडी मारली, मनसोक्त पोहले, डोक्याला टॉवेल गुंडाळून पायऱ्या चढायला लागले, आणि पायाला काहीतरी लागलं. खट्!

अगं आई गं! कुलूप ओढलं, पेटी हलवली, देवाला हात जोडले. काही उपयोग झाला नाही.

आटपाडीहून फोटो धुऊन आले त्या सकाळी मामंजी चहा न घेताच बागेकडे निघाले. मी अंगणवाडीची वाट धरून त्यांच्या मागोमाग. मेंढपाळ हौदापाशीच होता, मेंढरं अजून माळावर होती. मामंजींनी फोटो त्याच्या नाकासमोर धरला. कुंकवानं चेहऱ्याच्या जागी नुसता तांबूस धूर झाला होता. पण ओला सदरा दिसत होता आणि डोक्यावर गुंडाळलेलं पांढरं कापड.

"ह्यो फेटा कुनाचा रं? आजपास्नं तुझं एक मेंढरू माझ्या पान्याला दिसलं न्हाई पायजे."

"आवं, बिरोबाची आन!" म्हातारा रडकुंडीला आला. "मला पवायला कुटं येतंय? म्या काठाला उबा ऱ्हायलो तरी गरगरतंय. आता भर उन्हात ह्या मुक्या जिवांना नेऊ कुटं?"

माझं हसू कुठल्या कुठे पळालं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. घरातलं माझं नाव, अंगणवाडी, पोहणं, सगळं एका वाक्यात जाणार हे दिसत होतं. तरी म्हटलं, "मामंजी, ती मी आहे. तो टॉवेल आहे, फेटा नाही."

मामंजींनी फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. मी शिव्यांची वाट बघत होते.

"तळाला जातीस?" त्यांनी विचारलं.

"जाते."

"पानी लागलं त्या दिशी आमी जीव घेऊन वर पळालो. माझी पहार खालीच ऱ्हायली. त्येच्यानंतर म्या तळ बगितला न्हाई. मला पवायला येत न्हाई."

"आहे ती," मी म्हणाले. "मधोमध. गंजलीय. मी रोज तिला हात लावून येते."

मामंजी काठावर खाली बसले आणि पाण्याकडे बघत राहिले. मेंढपाळानं हळूच विचारलं, "मग मेंढरं आनू का?"

"आन की! इचारतूस काय?" मामंजी त्याच्यावरच खेकसले.

मी भीत भीत म्हणाले, "काढून देऊ का वर?"

"नगं," ते म्हणाले. "तितंच असू दे. तू बगून येत जा, आनि मला सांगत जा."